चाल कुणाची? कोकणातल्या बायका आणि आपली लोकप्रिय गाणी

प्रश्न दापोली तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा आहे. त्यांच्या महिला मंडळाला ‘कोकणच्या बायका आणि लोकप्रिय संगीत’ असा दोन तासांचा कार्यक्रम बसवायचा आहे. यादी करायला बसल्या, तर लतादीदी, आशाताई आणि किशोरीताई या तीन नावांवर गाडी अडली. त्या विचारतात, ‘बाकीच्यांनी काही केलंच नाही, की आम्हालाच माहीत नाही? आणि असेल, तर ते स्टेजवर मांडायचं कसं?’

ताई, केलं आहे आणि पुष्कळ केलं आहे. मी रत्नागिरीत बरीच वर्षं सुगम संगीत शिकवते, पेटीची साथ करते आणि लग्नसराईत रायगडच्या गावांतून फिरून बायकांची गाणी रेकॉर्ड करते. त्या अनुभवावरून सांगते, तुमची यादी अडली कारण ती फक्त गळ्यांची यादी आहे. गाण्याला शब्द लागतात, चाल लागते, ठेका बसवावा लागतो, कुणीतरी ते शिकवावं लागतं, मंडळी चालवावी लागते, आणि मग गळ्याची पाळी येते. या किनाऱ्यावरच्या बायकांनी ही सगळी कामं केली आहेत. नाव मात्र गळ्याचंच लक्षात राहिलं, आणि कितीदा तर तेही राहिलं नाही.

गळ्यापासूनच सुरुवात करू. ‘इतनी शक्ति हमें देना दाता’ ही प्रार्थना तुमच्या शाळेत नक्की होत असेल. १९८६ च्या ‘अंकुश’ या हिंदी चित्रपटातली ती आहे. सुषमा श्रेष्ठ यांच्या जोडीने तिच्यात ज्यांचा आवाज आहे, त्या पुष्पा पागधरे पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या. पापलेटसाठी नावाजलेलं हे कोळ्यांचं बंदर. देशभरातल्या शाळांमधून रोज सकाळी जी प्रार्थना म्हटली जाते, तिच्या मूळ आवाजांतला एक आपल्या किनाऱ्यावरच्या एका बाईचा आहे, हे तुमच्या मंडळातल्या किती जणींना ठाऊक असेल? मी जिथे जिथे हे सांगितलं तिथे सभागृहात आश्चर्याची कुजबुज झाली. याच पुष्पाताईंनी मोहम्मद रफींबरोबर ‘अगं पोरी संभाल दर्याला’ गायलं. संगीत श्रीकांत ठाकरे यांचं. तुफानाचं हे गाणं कोळीवाड्याच्या लग्नात आजही वाजतं. त्याचे शब्द वंदना विटणकर यांचे. रफींची बरीचशी मराठी गाणी विटणकरांनी लिहिली, पण आपण म्हणतो ‘रफींची मराठी गाणी’.

आता ‘मी डोलकर डोलकर दर्याचा राजा’ घ्या. हे गाणं कोळ्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, असं शपथेवर सांगणारी माणसं मला भेटली आहेत. चाल हृदयनाथ मंगेशकरांची, गायला हेमंतकुमार आणि लतादीदी, आणि शब्द शांता शेळके यांचे. शांताबाईंचा जन्म १९२२ चा, इंदापूरचा. म्हणजे समुद्रापासून चांगल्या लांबच्या. तरी ‘वल्हव रे नाखवा’ आणि ‘वादळवारं सुटलं गो’ हीसुद्धा त्यांचीच. कोळी बोलीचा हेल, होडीवरच्या माणसाचा तोरा, वाट बघणाऱ्या बाईची धाकधूक हे सगळं त्यांनी असं पकडलं की खुद्द कोळीवाड्याने ती गाणी आपली मानली. गीतकाराला याहून मोठी पावती कुठली? पण त्या पावतीवर शांताबाईंचं नाव उरलं नाही. ‘पारंपरिक कोळीगीत’ म्हणून ती गाणी स्पर्धांतून सादर होतात तेव्हा मी परीक्षकांच्या टेबलावर असेन तर उठून सांगते, तुम्हीही सांगा.

शांताबाईंनी काही चित्रपटगीतं ‘डॉ. वसंत अवसरे’ या नावानेही लिहिली. म्हणजे श्रेयनामावली वाचणाऱ्याला तिथे एक पुरुष दिसायचा. आणि त्याच काळात मराठी चित्रपटसंगीतात ‘आनंदघन’ नावाचा एक संगीतकार होता. ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४), ‘साधी माणसं’ (१९६५), ‘तांबडी माती’ (१९६९) हे भालजी पेंढारकरांचे चित्रपट, आणि त्यांची गाणी म्हणजे ‘ऐरणीच्या देवा तुला’, ‘अखेरचा हा तुला दंडवत’, ‘बाई बाई मन मोराचा’. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ज्यांना आपण आयुष्यभर गळा म्हणून ओळखलं, त्या उत्तम संगीतकार होत्या. आणि त्या कामाची आठवण आपण एखाद्या प्रश्नमंजूषेतल्या प्रश्नापुरती ठेवली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘ऐरणीच्या देवा’ची चाल पेटीवर वाजवून बघा. लोहाराच्या घरातलं गाणं आहे, भात्याचा श्वास आणि घणाचा घाव यांची लय तिच्यात आहे. तिला अवघड हरकतींची सजावट नाही. गायला बसलेली बाई स्वतः लता असताना संगीतकार लताने तिला अवघड जागा दिल्या नाहीत, हा मोठा संयम आहे. गाणं लोहाराच्या बायकोचं आहे, मैफलीतल्या गायिकेचं नाही, हे चाल बांधणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. माझ्या विद्यार्थिनींना चाल बांधायला शिकवताना मी हेच गाणं पहिलं घेते.

आणि तुमच्या कार्यक्रमासाठी एक गाणं तर मी आग्रहाने सुचवेन, ‘रेशमाच्या रेघांनी’. चित्रपट ‘मराठा तितुका मेळवावा’. शब्द शांता शेळके यांचे, चाल आनंदघन म्हणजे लतादीदींची, गळा आशा भोसले यांचा. शब्द, चाल आणि आवाज तिन्ही बायकांचं. तेही लावणीत, जिथे बाईने नाचायचं आणि शब्द-चाल पुरुषाने द्यायची, अशी आपली समजूत असते. साठ वर्षं हे गाणं गाजतंय. निवेदनात ही तीन नावं सावकाश, एकेक करून घ्या. प्रेक्षकांना ते ऐकायला वेळ द्या.

मंगेशकरांच्याच घरात मीनाताई खडीकर. ‘असावा सुंदर चॉकलेटचा बंगला’ कुणी म्हटलं नाही असं मराठी मूल सापडणार नाही. त्याची चाल मीनाताईंची. मुलांच्या गळ्यात बसेल अशी चाल बांधणं फार अवघड. पल्ला आखूड लागतो, श्वास पुरला पाहिजे, आणि एकदा ऐकून पाठ झालं पाहिजे. बालगीतं करणाऱ्याला आपण संगीतकार म्हणून मोजतच नाही, म्हणून हे नाव मागे पडलं.

लतादीदींच्या नावाबद्दलही एक गोष्ट सांगून टाकते. १९४९ च्या ‘महल’मधलं ‘आएगा आनेवाला’ ज्या तबकडीवर आलं, तिच्यावर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. ते चित्रपटातल्या पात्राचं नाव. गाणं गाजलं, रेडिओकडे विचारणा झाली, तेव्हा खरं नाव बाहेर आलं. त्या काळी पार्श्वगायनाचा असाच रिवाज होता. पुढे फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायनाला पुरस्कारच नाही म्हणून त्यांनी तिथे गायला नकार दिला, आणि १९५९ मध्ये तो पुरस्कार सुरू झाला. साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून त्यांनी वाद घातला, त्यापायी रफीसाहेबांसारख्या सहकाऱ्याशी काही वर्षं एकत्र गाणं बंद झालं. आज गायकांना जे थोडंफार संरक्षण आहे, त्याच्या मुळाशी या बाईचा हट्ट आहे. हेही संगीताला दिलेलं योगदानच. कार्यक्रमात गाण्यांच्या मधे ही हकीकत दोन मिनिटांत सांगता येईल.

मंगेशकरांचं मूळ गोव्यातल्या मंगेशीचं. दीनानाथांच्या आई येसूबाई तिथल्या देवळात गायनसेवा करत. गोव्याच्या देवळांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतल्या बायकांनी गाणं जपलं, शिकवलं, आणि मग त्या बोटीने, गाडीने मुंबईला आल्या. त्यांची आडनावं वाचली तरी गोव्याचा नकाशा उभा राहतो. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर, पेडण्याजवळच्या मालप्याच्या अंजनीबाई मालपेकर. केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली, हे आता बहुतेकांना माहीत झालं आहे, म्हणून त्यावर थांबत नाही. या बायका शास्त्रीय गायिका, मग लोकप्रिय संगीताच्या कार्यक्रमात त्या कशाला, असं कुणी विचारेल. तर त्याचं उत्तर नाटकात आहे.

मोगूबाईंचा जन्म १९०४ चा. लहान वयात त्या नाटक मंडळीत गेल्या, पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत कामं केली. अशा स्त्री मंडळ्यांमधून पुरुषांची पात्रंही बायकाच करत. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या हे सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्याच काळात बायका धैर्यधर आणि अर्जुन होऊन पदं गात होत्या, हे मात्र शाळेच्या पुस्तकात येत नाही. त्या काळी नाट्यपदं हेच लोकप्रिय संगीत होतं. लग्नाच्या बँडपासून देवळातल्या भजनापर्यंत तेच वाजायचं. मोगूबाई पुढे अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या, हाल सोसून शिकल्या, आणि शिकवत राहिल्या. किशोरीताई आमोणकर ही त्यांची मुलगी आणि त्यांचीच शिष्या. तुमच्या यादीत किशोरीताई आहेत, तर त्यांच्या आधी मोगूबाई हव्यातच. कुमार गंधर्वांना ज्यांनी शिकवलं, त्यांत अंजनीबाई होत्या. शिकवणाऱ्या बाईचं नाव शिष्याच्या नावाखाली झाकलं जातं. माझा हा पेशाच असल्याने मला ते फार जाणवतं.

ज्योत्स्नाबाई भोळे याही गोव्याच्याच, बांदिवड्याच्या. जन्म १९१४. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आलं, त्यात त्यांनी भूमिका केली आणि गाणी गायली. पद म्हणजे तासभर आळवायची चीज, ही सवय तिथे मोडली. गाणं छोटं झालं, शब्द समजू लागले, बोलता बोलता गाणं सुरू होऊ लागलं. आज आपण ज्याला भावगीत म्हणतो, त्याचं वळण मराठी रंगभूमीवर रुजवणाऱ्यांत ज्योत्स्नाबाई होत्या. संगीतकार केशवराव भोळे हे त्यांचे पती, त्यामुळे सगळं श्रेय केशवरावांकडे जातं. पण शब्द बोलल्यासारखा गायचा कसा, हे गळ्यानेच ठरवावं लागतं, कागदावर लिहून देता येत नाही. १९४२ च्या ‘कुलवधू’मधलं ‘बोला अमृत बोला’ ऐका. चाल मास्तर कृष्णरावांची. प्रत्येक शब्द ज्या सुटेपणाने येतो, ती ज्योत्स्नाबाईंची करणी.

गोव्याच्या ख्रिस्ती समाजाकडे मी ओझरती जाते, कारण तो माझ्या अभ्यासाचा मुख्य भाग नाही. १९०४ मध्ये रेजिना फर्नांडिस तियात्राच्या, म्हणजे कोंकणी संगीत नाटकाच्या रंगमंचावर उभ्या राहिल्या. तोवर तिथेही बायकांची पात्रं पुरुष करत. आणि साठ-सत्तरच्या दशकांतल्या गायिका लोर्ना ऐकाच. संगीतकार क्रिस पेरींच्या कोंकणी गाण्यांत त्यांनी जॅझची जी फेक आणली, तशी आपल्याकडे दुसरी नाही. गाण्यांची ओळख करून देताना पेरींचं नाव आधी येतं, पण ‘बेबदो’ दुसऱ्या कुणी गायलेलं ऐकलं की त्या गाण्यात लोर्नांचा वाटा किती होता ते कळतं. मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांतले गोव्याचे वादक म्हटलं की पुरुषांचीच नावं निघतात, तेव्हा पियानो वाजवणाऱ्या लुसिला पाचेको यांची आठवण काढा. आणि मूळच्या कारवारच्या कृष्णा कल्ले. ‘मन पिसाट माझे अडले रे’, ‘परिकथेतील राजकुमारा’ ही गाणी लोक अजून गुणगुणतात, पण गायिका कोण म्हटलं की ‘आशा असेल’ म्हणतात.

आतापर्यंतची नावं तुम्हाला थोडं शोधल्यावर मिळाली असती. आता जे सांगते ते शोधून मिळणार नाही, त्यासाठी गावात जावं लागेल.

उरण, पेण, पनवेल, अलिबाग या पट्ट्यात आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण असते. ती धवले गाते, आणि तिच्या गाण्यांनीच लग्नाचा एकेक विधी पुढे सरकतो. पूर्वी कितीतरी गावांतून लग्न तिच्याच तोंडून लागायचं. मांडव, हळद दळणं, हळद लावणं, देवांना आणि पितरांना आवतण, प्रत्येकाला वेगळा धवला. क्रम चुकवून चालत नाही. कुठला विधी झाला, कुठला राहिला, कुणाला बोलवायचं विसरलं, हे सगळं तिला गाण्यातून ठाऊक असतं. लिहिलेलं काही नसतं, आईकडून, सासूकडून, नाहीतर जिच्या शेजारी वर्षानुवर्षं बसून झील धरली, म्हणजे तिची ओळ मागून उचलली, तिच्याकडून आलेलं असतं. लग्नात गायच्या गाण्यांची ही परंपरा मराठी कवितेच्या अगदी आरंभाला आहे. तेराव्या शतकात महदंबेने रचलेले धवळे लग्नाचीच गाणी होती, आणि तिला आपण आद्य मराठी कवयित्री म्हणतो. तिचे धवळे विदर्भातल्या रिद्धपूरचे, या धवलारणी तिकडे उरणच्या. तरीही मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री ज्या प्रकारात रचत होती, तो प्रकार एखाद्या खाडीकाठच्या घरात अजून जिवंत आहे, हे आठवलं की माझा ऊर भरून येतो.

उरण तालुक्यातल्या एका वयस्कर धवलारणीकडे मी रेकॉर्डर घेऊन बसले होते. ‘हळदीचा धवला म्हणता का?’ असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘हळद कुठंय?’ मला वाटलं टाळतायत. पण सुनेने सुपात चार हळकुंडं आणि मूठभर तांदूळ आणून समोर ठेवले, आणि त्या लगेच सुरू झाल्या. समोर हळद नसेल तर धवला कुणासाठी म्हणायचा, असा तो सरळ हिशेब. शेजारी त्यांची जाऊ बसली होती. मोठी बाई ओळ टाकायची, जाऊ ती उचलायची. उचलायची म्हणजे ओळ संपल्यावर नाही. शेवटचं अक्षर मोठीच्या तोंडात लांबत असतानाच जाऊ खालून त्याच सुरावर येऊन मिळायची, आणि मग मोठी श्वास घ्यायची. त्यामुळे आवाज कुठेच तुटत नाही. चाल फार तर चार-पाच सुरांची. पहिल्या अर्ध्यात चढते, दुसऱ्या अर्ध्यात सावकाश षड्जावर येऊन बसते. ढोलकी नाही, टाळ नाही, मोजलेली मात्रा नाही. ओळीची लांबी शब्दांप्रमाणे कमी-जास्त होते, आणि शेवटचं अक्षर किती लांबवायचं ते हातातलं काम ठरवतं. रात्र चढते तशी पट्टीही नकळत चढत जाते.

आता ही चाल स्टुडिओत कशी जाते ते सांगते. आधी तिला सहा किंवा आठ मात्रांच्या ठेक्यात बसवतात. शेवटचं लांब अक्षर कापावं लागतं, कारण तिथे की-बोर्डचा तुकडा यायचा असतो. ओळी समान लांबीच्या करतात. झील धरणाऱ्या बाईच्या जागी कोरस येतो. कॅसेटच्या जमान्यात हे सर्रास झालं, आता यूट्यूबवर होतं. डीजेवर हळदीची गाणी वाजतात, पोरं नाचतात, याबद्दल माझी तक्रार नाही. गाणं लोकांच्या अंगात आलं तर ते जगतं, आणि आगरी-कोळी मुलामुलींनी आपलं गाणं अभिमानाने पुढे आणलंय ही आनंदाची गोष्ट आहे. माझं भांडण फक्त नावाशी आहे. गायकाचं नाव येतं, संयोजकाचं येतं, कंपनीचं येतं, व्हिडिओतल्या नर्तकांचंही येतं. चालीपुढे लिहिलेलं असतं ‘पारंपरिक’. ज्या म्हातारीच्या ओट्यावर बसून ती चाल मोबाइलवर रेकॉर्ड केली, तिचं नाव कुठेच नाही. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी स्वतःच्या मुलीच्या लग्नासाठी दोन नव्या ओळी जोडल्या होत्या. त्या ओळी एका कॅसेटवर जशाच्या तशा आल्या, ‘पारंपरिक’ म्हणून. त्यांनी ते मला सांगितलं तेव्हा त्यांना पैसे नको होते. मुलीचं नाव ज्या ओळीत होतं, तिथे दुसरंच नाव घातलं, एवढंच त्यांना लागलं होतं.

हे काम नीट करता येतं, त्याचं उदाहरण समोर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलं. त्यामुळे आज आपल्याला ती ओवी ‘लोकसाहित्य’ म्हणून नाही, एका बाईची म्हणून वाचता येते. तुम्ही तर दापोलीच्या. तुमच्याच तालुक्यातल्या पालगडच्या साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’साठी बायकांच्या ओव्या केवढ्या मायेने जमवल्या. ती माया घ्या, आणि राईरकरांची नोंदवही घ्या. तुमच्या मंडळातल्या आज्यांना जात्यावरच्या, गौरीच्या, फुगडीच्या चाली येत असणारच. कार्यक्रमाचा पहिला अर्धा तास मी त्यांना देईन.

त्या आज्यांकडे जाल तेव्हा दोन गोष्टी पाळा. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी विचारा, आणि ते कुठे ऐकवणार हेही सांगा. लोकगीत सर्वांचं असतं हे खरं, पण तिने गायलेलं तिचं असतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलाकाराला स्वतंत्र हक्क आहे. परवानगीशिवाय त्याचं सादरीकरण रेकॉर्ड करून विकता येत नाही, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून आपलं नाव लावून घेण्याचा हक्कही त्यात आला आहे. हे ओट्यावर बसलेल्या आजीलाही लागू आहे. आणि तिचं गाणं शब्दांसकट लिहून घेतलंत, तर वहीची एक प्रत तिच्या घरी ठेवा. नातवंडं वाचतील.

आता स्टेजची गोष्ट. महिला मंडळांची सर्वांत मोठी अडचण मी पाहिली आहे ती पट्टीची, म्हणजे पेटीवरच्या कुठल्या सुराला ‘सा’ धरायचा याची. पेटीवाले बुवा सवयीने काळी एक धरतात, कारण भजनात पुरुषांना ती सोयीची असते. त्या पट्टीत बायकांचा आवाज खाली दबतो, आणि कुणी वरच्या सप्तकात जायला बघितलं तर किंचाळल्यासारखं होतं. मग लोक म्हणतात, बायकांच्या भजनात जोर नाही. जोर आहे, पट्टी चुकीची आहे. तुमच्या समूहासाठी काळी चार किंवा पांढरी पाच लावून बघा, आणि बुवांनी कुरकुर केली तरी ऐकू नका. सिंधुदुर्गात बायकांच्या डबलबाऱ्या, म्हणजे भजनांचे सामने, रंगतात, शक्ती-तुऱ्याच्या शाहिरी सामन्यांत शाहीर बायका उभ्या राहतात, त्या याच हिशेबाने आपली पट्टी आधी ठरवतात. शक्य असेल तर पेटीवर आणि ढोलकीवरही बाईच बसवा. तालुक्यात शोधलंत तर एखादी शिकणारी मुलगी मिळेल, आणि तिला हा कार्यक्रम आयुष्यभर पुरेल.

धवला किंवा ओवी ठेवलीत, तर तिला ठेका देऊ नका. दोन बायका, एक माइक मधोमध, बाकी काही नाही. ध्वनिवाल्याला आधीच सांगा की आवाजात घुमारा घालायचा नाही. शेवटचं अक्षर लांबलं म्हणून निवेदिकेने मधे बोलायचं नाही. त्यानंतर लगेच ‘मी डोलकर’ घ्या, म्हणजे बाईने लिहिलेलं शब्दन्‌शब्द ठसणारं गाणं आणि बायकांनी जपलेलं गाणं एकाच ओळीत ऐकू येईल. मग पुष्पा पागधरे, ज्योत्स्नाबाई, आनंदघन. ‘रेशमाच्या रेघांनी’ मध्यंतराच्या आधी ठेवा, लोक जागेवरून उठणार नाहीत. ‘चॉकलेटचा बंगला’ गावातल्या मुलींना द्या. किशोरीताईंचं गाणं समूहात बसवण्याचा मोह टाळा. त्याऐवजी मोगूबाई आणि त्यांच्या शिकवणीबद्दल कुणीतरी नीट पाच मिनिटं बोला.

कार्यक्रमाचा कागद छापाल त्यात गाण्यापुढे तीन रकाने करा, शब्द, चाल, आवाज. तिन्ही भरल्याशिवाय छापायला देऊ नका. चाल गावातून आली असेल तर ‘पारंपरिक’ लिहून थांबू नका. ‘पारंपरिक, अमुक बाई, राहणार अमुक वाडी, यांच्याकडून’ असं पूर्ण लिहा. व्हिडिओ टाकाल तेव्हा खालच्या माहितीत हीच ओळ घाला. ज्या आजीचं नाव तुम्ही छापाल, तिला त्या दिवशी पहिल्या रांगेत बसवा, आणि तिला न्यायला-आणायला रिक्षा पाठवा. तालमी सुरू झाल्या की मला कळवा, पट्टी लावून द्यायला मी स्वतः येईन.